बाळाचा खुबा, थंडीतलं दुपटं आणि दीड महिन्याची लस

गोदाकाठ (धागाकर्ता)

निफाडचा पारा पेपराच्या पहिल्या पानावर आला की घराघरांत बाळाची गुंडाळी आणखी आवळली जाते. म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. विषय आहे तान्ह्या बाळाचा खुबा सैल असणं, उथळ असणं किंवा पूर्ण निखळलेला असणं. डॉक्टरांच्या कागदावर याला 'डीडीएच' (डेव्हलपमेंटल डिस्प्लेसिया ऑफ द हिप) लिहितात.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या उखळीत फिरतो. जन्मतः ही उखळी बरीचशी कूर्चेची, म्हणजे मऊ असते. गोळा आत नीट बसून राहिला तरच तिला खोली येते. तो बाहेर राहिला की उखळी उथळ राहते, आणि उखळी उथळ म्हणून गोळा आणखी सरकतो. पहिल्या काही महिन्यांत हे चक्र नुसत्या पट्ट्यांनी मोडता येतं. दीड-दोन वर्षांनी मात्र हाड कापावं लागतं. सगळी घाई आहे ती एवढ्यासाठीच.

पूर्ण निखळलेला खुबा साधारण हजारात एक-दोन बाळांना असतो. जन्मतः थोडासा सैल खुबा त्याहून बऱ्याच बाळांत सापडतो, पण त्यातले बहुतेक काही आठवड्यांत आपोआप घट्ट होतात. मुलींमध्ये प्रमाण चार-पाच पट. डावी बाजू जास्त, कारण पोटात बाळाची जी नेहमीची ठेवण असते तिच्यात डावी मांडी आईच्या कण्याला टेकून आत दाबली जाते.

जास्त जपायचं कोणाला? पायाळू बाळ, आई-वडिलांपैकी कोणाला किंवा भावंडाला हाच त्रास झालेला असणं, पहिलटकरणीचं बाळ, गर्भजल कमी होतं असं बाळ. शिवाय मान एका बाजूला कललेली किंवा पाऊल आत वळलेलं असेल तर खुबा तपासल्याशिवाय सोडू नका. पोटातल्या दाटीचे हे सगळे परिणाम बऱ्याचदा जोडीने येतात.

---

मेनरोड

पायाळू होतं, पण सिझर झालं. म्हणजे ओढाताण झाली नाही. तरी धोका?

---

गोदाकाठ

हो. सिझरने पायाळूपण पुसलं जात नाही. नुकसान बाहेर काढताना होत नाही. शेवटचे महिने पोटात ढुंगण खाली आणि पाय गुडघ्यात सरळ, वर छातीकडे, असे अडकून राहिल्याने होतं. मांडीमागचे स्नायू ताणलेले राहतात आणि गोळा मागे ढकलला जातो. शेवटच्या तिमाहीत बाळ पायाळू होतं आणि नंतर फिरलं, तरी ते बालरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. डिस्चार्ज कार्डावर 'ब्रीच', म्हणजे पायाळू, हा शब्द आहे की नाही तेही बघा. नसेल तर लिहून घ्या, कारण पुढचे डॉक्टर तेच कार्ड वाचणार.

जाता जाता. पायाळू माणसाने पाठीवर लाथ मारली की उसण जाते म्हणतात. लाथ मारायची तर आधी खुबा धड हवा.

---

पंचवटीकर

आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाळं गुंडाळतात, मालिश करतात. सगळे लंगडत होते का? उगाच घाबरवू नका.

---

हालचाल (फिजिओ)

गुंडाळण्याला विरोध नाही, पाय सरळ बांधण्याला आहे. नवजात बाळाचे खुबे आणि गुडघे नैसर्गिकरीत्या वाकलेले असतात, बेडकासारखे. ते ओढून सरळ केले आणि दुपट्यात घट्ट बांधले की मांडीपुढचे आखडलेले स्नायू गोळ्याला उखळीच्या बाहेर ढकलतात. घट्ट खुब्याच्या बाळाला याने काही होत नाही. तुमचं म्हणणं तिथवर खरं आहे. मुळात सैल असलेल्या खुब्याला मात्र तेवढा धक्का पुरतो, आणि आपलं बाळ कुठल्या गटातलं हे दुपट्याला कळत नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात पाय सरळ बांधायची पद्धत सोडा अशी मोहीम झाली आणि तिथलं प्रमाण झपाट्याने उतरलं.

आपल्याच परंपरेत उलट चांगली गोष्टही आहे. मान धरल्यावर बाळाला कडेवर घेतो तेव्हा मांड्या फाकलेल्या आणि वाकलेल्या असतात. खुब्याला हवी तीच ठेवण.

दुपटं असं बांधा. चौकोनी दुपट्याचं एक टोक आत दुमडा, बाळाचे खांदे त्या दुमडीच्या रेषेवर. हात आत घेऊन छातीपाशी हवं तर घट्ट करा, पण छातीच्या पट्ट्यात तुमची दोन बोटं जायला हवीत. कमरेखाली कापड पिशवीसारखं सैल सोडा. खालचं टोक पिळून किंवा गाठ मारून पायांखाली आवळू नका. गुंडाळल्यावर बाळाने गुडघे पोटाशी घेऊन बाजूला पाडले पाहिजेत. ते जमत नसेल तर सोडून पुन्हा बांधा. आणि गुंडाळलेलं बाळ कायम उताणंच झोपवा.

थंडीसाठी एका घट्ट दुपट्यापेक्षा दोन सैल थर बरे. कुंची, पायमोजे, वर सैल गोधडी. ऊब अडकलेल्या हवेची असते, आवळण्याची नव्हे.

---

मेनरोड

आणि मालिशवाल्या मावशी? त्या दोन्ही पाय धरून झटका देतात, 'पाय सरळ व्हायला'. मग पाय धरून उलटं लटकवणं.

---

हालचाल

दोन्ही बंद. पाय आपोआप सरळ होतात, त्याला काही महिने लागतात. घोट्याला धरून उलटं केलं की गुडघा आणि खुबा एकदम ताणले जातात. तेल चोळणं, तळवे, पाठ, पोट, हात हे सगळं चालेल. मांडीची मालिश गुडघा वाकवलेला ठेवून वरून खाली हलकी. पाटावर पाय पसरून त्यांवर बाळ ठेवून आंघोळ घालता तेव्हा पालथं करताना एका हाताने गुडघे जुळवून दाबून धरण्याची सवय असते, ती सोडायला सांगा. मावशींशी वाद नको. 'डॉक्टरांनी खुबा ओढायला मना केलंय' एवढं पुरतं.

---

उपकेंद्र (एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली परिचारिका)

आमच्याकडचं सांगते. सुरगाणा, पेठ भागात लोक नाशिकला वारंवार जाऊ शकत नाहीत, म्हणून असलेल्या फेऱ्यांतच तपासणी बसवायची. आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात. ४२ वा दिवस म्हणजे सहा आठवडे, तीच दीड महिन्याच्या लसीची वेळ. त्या दिवशी बाळ उपकेंद्रात येतंच. तिथे लंगोट पूर्ण काढून दोन मिनिटं खुबा बघायचा. मग अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला पुन्हा, आणि नऊ महिन्यांच्या गोवराच्या वेळी पुन्हा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तीस आजारांत खुब्याचा हा दोष आहे, त्यामुळे पुढे पाठवायला कागद तयार आहे. फक्त त्यांची गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. तिची वाट बघत बसलं तर सोपे महिने निघून जातात.

---

सातपूर_बाबा

घरी आई-वडिलांना काय बघता येईल?

---

गोदाकाठ

लंगोट बदलताना तीन गोष्टी.

बाळ उताणं, सपाट जागेवर, शांत आणि पोट भरलेलं. दोन्ही गुडघे वाकवून हळूच बाजूला पाडा. एक मांडी दुसरीपेक्षा कमी उघडत असेल तर दाखवा. दोन-तीन महिन्यांनंतर हीच सगळ्यात भरवशाची खूण.

दुसरी, पावलं जुळवून सपाट टेकवा, गुडघे वर. एक गुडघा बुटका दिसला तर त्या बाजूचा गोळा मागे सरकलेला असू शकतो.

तिसरी, मांडीच्या वळ्या. पण नुसत्या वळ्या कमी-जास्त असणं कितीतरी धडधाकट बाळांत असतं. वळ्या असमान, बाकी दोन्ही गोष्टी ठीक, तर पुढच्या लसीला सांगा. रात्री बारा वाजता फोन करू नका.

मोठी फसगत म्हणजे दोन्ही खुबे निखळलेले असणं. मग तुलनेला चांगली बाजूच नसते. दोन्ही मांड्या सारख्याच कमी उघडतात, गुडघे सारखेच दिसतात, आणि सगळे म्हणतात 'ठीक आहे'. दोन्ही मांड्या साधारण साठ अंशांपर्यंतही बाजूला जात नसतील तर 'सारख्या आहेत' यात समाधान मानू नका.

दुखत नाही, बाळ रडत नाही. हे पक्कं लक्षात घ्या.

---

प्लास्टर (अस्थिरोग, लहान मुलांचे)

एक भर. मांडी मागे दाबून गोळा बाहेर जातो का बघणं ही बार्लोची तपासणी (१९६२) आणि मांडी उघडत पुढे उचलून बाहेरचा गोळा आत घेणं ही ऑर्तोलानीची (१९३७). या दोन्ही घरी करायच्या नाहीत. व्हिडिओ बघून तर मुळीच नाही. वारंवार केल्याने सैल खुबा आणखी सैल होतो.

तपासणाऱ्यांसाठी: एका वेळी एकच खुबा, दुसऱ्या हाताने कंबर स्थिर. बाळ रडत असेल तर थांबा, स्नायू आवळले की काही कळत नाही. जे शोधायचं तो बोटांना जाणवणारा 'धप्प' आहे, गोळा कडेवरून सरकल्याचा. कानाला येणारी 'टिक्' बहुतेक वेळा बिनमहत्त्वाची. आणि दोन-तीन महिन्यांनंतर निखळलेला गोळा बाहेरच रुळतो, मग ऑर्तोलानी नकारात्मक येते. ते 'सुधारलं' असं समजलं जातं आणि केस निसटते.

---

कर्सर (सोनोग्राफी)

आता तपासाबद्दल. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, आणि गोळ्याच्या मधलं हाड साधारण चार ते सहा महिन्यांनी उमटतं. म्हणून त्याआधी सोनोग्राफी, नंतर एक्स-रे. तिसऱ्या दिवशी केलेला एक्स-रे 'नॉर्मल' हातात असेल तर त्याने काहीच सिद्ध होत नाही.

सोनोग्राफी सहाव्या आठवड्याला. त्याआधी सगळ्यांचीच केली तर नुसत्या कच्च्या खुब्यांवर उपचार सुरू होतात. अपवाद म्हणजे तपासणीत गोळा स्पष्ट बाहेर किंवा बाहेर-आत होत असेल. तेव्हा वाट न बघता लगेच.

मोजमाप ग्राफ नावाच्या डॉक्टरांच्या पद्धतीचं, १९८० पासूनचं. मुख्य आकडा अल्फा कोन, म्हणजे उखळीच्या हाडाच्या छताचा उतार. ६० किंवा जास्त म्हणजे पक्व. ५० ते ५९ आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं, तर बहुधा फक्त कच्चा, पुन्हा बघायचं. ४३ ते ४९ उपचाराच्या हद्दीत. ४३ च्या खाली गोळा सरकलेला किंवा सरकण्याच्या बेतात.

पण आकडा चित्राइतकाच खरा. चित्रात तीन खुणा हव्यात: उखळीच्या तळाशी कमरेच्या हाडाचं खालचं टोक, वर हाडाची सरळ आडवी रेघ, आणि कडेची कूर्चा. ती रेघ वाकडी असेल तर प्रोब तिरका होता आणि कोन खोटा. रिपोर्ट घेताना दोन्ही खुब्यांचे वेगवेगळे कोन, बाळाचं वय आठवड्यांत आणि चित्रं मागून घ्या. नुसतं 'बोथ हिप्स नॉर्मल' एका ओळीत आलं तर पुढच्या डॉक्टरला तुलना करता येत नाही.

बाळाला तासभर भुकेलं आणू नका. पाजून आणा.

---

उपकेंद्र

कर्सर, मशीनच गावात आणून शिबिर का घेत नाही, असं लोक विचारतात.

---

कर्सर

पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा. मशीन नोंदणीच्या जागेला बांधलेलं असतं, पोर्टेबल असलं तरी उचलून कुठेही नेता येत नाही. कायदा मुली वाचवण्यासाठीच आहे, तक्रार नाही. त्यामुळे मशीन बाळाकडे जाणार नाही, बाळच यायला हवं. म्हणून ४२ व्या दिवशी कोणाला पाठवायचं हे हाताच्या तपासणीने आणि पायाळू, घरात कोणाला, या दोन प्रश्नांनी ठरवा.

---

सिडको_आई

बाळ अडीच महिन्यांचं, डाव्या बाजूचा अल्फा ४५ आला. पॅव्हलिक हार्नेस (खुबे वाकवून धरणारे पट्टे) सांगितलाय. त्याऐवजी दोन-तीन लंगोट एकावर एक घालून चालेल का? सासूबाईंचं म्हणणं.

---

बेल्ट_बकल (ऑर्थोटिस्ट, म्हणजे असे पट्टे-आधार बसवणारा)

नाही, ताई. जाड लंगोट मांड्या थोड्या फाकवतो, पण खुबा वाकवून ठेवत नाही, आणि वाकवणं हे मुख्य काम आहे. त्यात दिवस जातात आणि घरच्यांना उपचार चालू असल्याचं वाटत राहतं.

पॅव्हलिकमध्ये छातीचा पट्टा, पाठीवर फुली पडणारे दोन खांद्यांचे पट्टे, पावलांचे बूट आणि प्रत्येक पायाला पुढचा-मागचा पट्टा. छातीचा पट्टा स्तनाग्रांच्या रेषेवर, आत दोन बोटं सरकतील इतका. पुढचा पट्टा खुबा ९० ते १०० अंश वाकवतो. मागचा पट्टा मांड्या जोराने फाकवण्यासाठी नाही. गुडघे मधोमध जुळू नयेत एवढंच त्याचं काम. मांड्या स्वतःच्या वजनाने बाजूला पडू द्यायच्या. मागचे पट्टे कसून बेडूक सपाट केला तर गोळ्याचा रक्तपुरवठा दबतो, आणि ते नुकसान मूळ दोषापेक्षा वाईट.

पट्टा जिथे बसवला तिथे आम्ही मार्करने खूण करतो. खुणेवर बकल नसेल तर कोणीतरी हलवलंय. स्वतः सैल-घट्ट करू नका. बाळ वाढलं की तोच पुढचा पट्टा आपोआप आखूड पडतो आणि खुबा जास्त वाकतो, म्हणून आठवड्याला, फार तर दोन आठवड्यांना दाखवायचं.

रोज एक गोष्ट बघा: बाळ लाथ मारतं का, गुडघा सरळ करायचा प्रयत्न करतं का. एका पायाची लाथ बंद झाली तर जास्त वाकवल्याने मांडीपुढची नस दबली असेल. त्याच दिवशी फोन. पट्टा सैल केला किंवा काही दिवस काढला की ती बहुधा पूर्ण भरून येते.

---

सिडको_आई

धन्यवाद. आंघोळ, लंगोट, कपडे कसं करायचं?

---

बेल्ट_बकल

सुरुवातीला डॉक्टर बहुधा चोवीस तास सांगतात, म्हणजे आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसणं. आत पातळ सुती झबलं आणि गुडघ्यापर्यंत मोजे, म्हणजे पट्टा कातडीला लागत नाही. लंगोट पट्ट्यांच्या आतून. बदलताना पाय धरून ढुंगण उचलू नका, हात खाली घालून उचला. गुडघ्यामागची, मानेची आणि जांघेची घडी रोज उघडून पुसून कोरडी करा. पावडर आणि तेल नको. घामात त्याचा चिखल होतो आणि कातडी सोलते. कपडे दोन मापं मोठे, झबल्यावरून.

पाजताना बाळ मांडीवर आडवं घेताना वरचा गुडघा तुमच्या पोटाशी दाबला जातो. पाय तुमच्या कमरेला दोन्ही बाजूंनी घेऊन, बसतं धरून पाजून बघा.

---

सातपूर_बाबा

किती दिवस?

---

प्लास्टर

खुबा आत आहे पण उथळ, तर साधारण सहा ते बारा आठवडे, सोनोग्राफी सुधारेपर्यंत. गोळा पूर्ण बाहेर होता आणि तीन-चार आठवड्यांत आत बसलाच नाही, तर हार्नेस बंद करायचा. 'अजून महिनाभर बघू' इथे घात करतं. बाहेरचा गोळा वाकवलेल्या स्थितीत उखळीच्या मागच्या कडेवर घासत राहतो आणि ती कडच चेपते. सहा महिन्यांच्या पुढे हार्नेस बहुधा चालत नाही. बाळ इतकं ताकदवान होतं की पट्टे त्याला धरत नाहीत.

सहा ते अठरा महिन्यांत भूल देऊन गोळा हाताने आत बसवतात, सांध्यात औषध सोडून फोटोत खात्री करतात, जांघेतला आखडलेला स्नायूबंध गरजेप्रमाणे छेदतात आणि कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर. एकूण साधारण तीन महिने, मध्ये एकदा बदलून. हाताने बसला नाही तर उघडून. दीड-दोन वर्षांनंतर उघडून बसवण्याबरोबर बहुधा उखळीचं छत खाली वळवावं लागतं आणि कधी मांडीचं हाड थोडं आखूड करावं लागतं. छत वळवायची सॉल्टरने १९६१ मध्ये मांडलेली पद्धत अजून वापरात आहे.

घरचे सांगतात 'ठुमकत चालते, गोड दिसतं'. एका बाजूला झुकत किंवा बदकासारखं डुलत चालणारं मूल आधी एक्स-रेला न्या, कौतुक नंतर. एक्स-रेत कंबर सरळ असायला हवी. तिरकी असली तर कोन चुकतो. फिल्म बघताना कमरेच्या हाडातली दोन्ही बाजूंची खालची गोल छिद्रं सारखी दिसतात का, एवढं तुम्हीही पाहू शकता.

---

मेनरोड

प्लास्टर मुंबईत घातलं तर कसारा घाटातून घरी कसं आणायचं? आणि शी-शू?

---

हालचाल

पीओपी पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात. तोपर्यंत तळहातांनी उचला, बोटांनी नाही. बोटाचा खड्डा आत कातडीवर टोचत राहतो. दोन पायांमध्ये आडवी काठी असते, तिला धरून कधीही उचलू नका. नेहमीच्या कार सीटमध्ये हे प्लास्टर मावत नाही, म्हणून डिस्चार्जच्या आधी तिथल्याच लोकांना सीट आणि पट्टा कसा बसवायचा ते दाखवून मागा. मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर नको. बाईक अर्थातच नाही.

शी-शूसाठी दोन डायपर. लहान मापाचा, प्लास्टरच्या भोकाच्या कडेआत सगळीकडून सरकवलेला. त्यावर मोठ्या मापाचा, प्लास्टरवरून बांधलेला. दिवसा दर दोन तासांनी हात घालून बघा, रात्री आतल्या डायपरमध्ये एक सॅनिटरी पॅड. झोपवताना डोक्याकडची बाजू थोडी उंच, म्हणजे ओल पाठीकडे चढत नाही. कडेला जलरोधक टेपचे छोटे तुकडे पाकळीसारखे आत-बाहेर चिकटवून घ्या.

दर दोन-तीन तासांनी कूस बदला, पालथंही चालतं. पायाचं नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. बोटं निळी, पांढरी, थंड किंवा सुजलेली दिसली, आतून घाण वास आला, ताप आला किंवा बाळ उलट्या करतच राहिलं, तर सकाळची वाट बघू नका. प्लास्टर पोटालाही आवळतं, म्हणून थोडं थोडं, जास्त वेळा भरवा. खाज आली तर काडी, विणायची सुई काही आत घालू नका. पंख्याची गार हवा कडेतून सोडा. आणि बिस्किटाचे तुकडे! नंतर प्लास्टर कापताना काय काय निघतं विचारू नका. खाताना गळ्यापासून कमरेपर्यंत फडकं.

---

पंचवटीकर

खर्चाचं काही?

---

उपकेंद्र

आधी जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (लहान मुलांच्या दोषांवर लवकर उपचार करणाऱ्या) विभागात विचारा, संदर्भचिठ्ठी घेऊन. ऑपरेशन लागणार असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी भेटा. मंजुरी आधी लागते. बाळाचं नाव रेशनकार्डावर आणि जन्मदाखला हे दोन कागद आत्ताच करून ठेवा. अडतं ते बहुतेक तिथेच.

---

सिडको_आई

हार्नेस उद्या बसवणार आहेत. सोबत काय नेऊ?

---

बेल्ट_बकल

सोनोग्राफीची चित्रं, दोन पातळ झबली, दोन जोड लांब मोजे, दोन डायपर. बाळाला निघताना पाजू नका, तिथे पोहोचल्यावर पाजा. आणि सासूबाईंना सोबत आणा. पट्टे कसे बसतात ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं की घरी बकलला कोणी हात लावत नाही.